माझ्या वहीतला हेणोतरो

फोन आला की पहिला प्रश्न ठरलेला असायचा. ‘बेन, सिंह देखाशे ने?’ सिंह नाही, असं मी सांगायचे. मग वाघ? वाघही नाही. बिबट्या? दिसला तर तुमचं नशीब, पण आपण त्यासाठी जात नाही. मग पलीकडचा माणूस जरा घुटमळायचा आणि विचारायचा, की चार दिवस कच्छच्या काट्याकुट्यांत नेऊन तुम्ही दाखवता तरी काय? ‘मांजरं,’ मी म्हणायचे. निम्मे फोन इथेच संपायचे. उरलेल्या निम्म्यांवर माझी बावीस वर्षं गेली.

त्याआधी मी बडोद्याला एका कॉलेजात प्राणिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. बरण्यांतले बेडूक आणि साप पुसून पुसून कंटाळले, आणि मुलांच्या सहलींबरोबर रानात जाऊन जाऊन जिवंत प्राण्यांची चटक लागली. नोकरी सोडली तेव्हा आमचे हे म्हणाले, ‘लोक नोकरी सोडून दुकान काढतात, तू मांजरांमागे जाणार?’ मी म्हटलं, ‘तुमच्यामागे अठरा वर्षं हिंडले, तिथे काय दिसलं?’ ते हसले आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन माझ्यासाठी चांगली दुर्बीण घेऊन आले. माणूस चांगला आहे, फक्त त्याला पहाटे उठवू नये.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. आपल्याकडे वाघ-सिंह-बिबटे सोडून लहान रानटी मांजरांच्या कितीतरी जाती आहेत. वाघाटी तर इतकी छोटी, की पुरी वाढलेली ओंजळीत मावेल असं वाटतं. वाळवंटी मांजर अंगावर ठिपके घेऊन बिळाच्या तोंडाशी ऊन खात बसतं. रानमांजर त्यातल्या त्यात नेहमीचं, उसाच्या शेतापासून खाडीपर्यंत कुठेही भेटतं. आणि या सगळ्यांचा राजा हेणोतरो. मराठी पुस्तकांत त्याला शशकर्ण म्हणतात, इंग्रजीत कॅरॅकल. तांबूस रंगाचा, उंच पायांचा, कानांच्या टोकांना काळ्या केसांचे लांब झुपके. उडत्या पक्ष्यांच्या थव्यात जागच्या जागी उंच उडी मारून पक्षी पाडतो. देशात तो इतका थोडा उरला आहे, की कच्छमधले म्हातारे गुराखीसुद्धा ‘बापाने पाहिला होता’ म्हणतात.

तर माझं काम म्हणजे सहा माणसं, एक जीप आणि मी. सहाच का, असं लोक विचारत. सातवा माणूस आला की त्याला बोलायला कोणीतरी सापडतं, म्हणून सहा. बडोद्यातल्या फतेगंजहून पहाटे निघायचं, दुपार टळता टळता कच्छ गाठायचं, आणि मग तीन दिवस रोज उजाडताना आणि उन्हं कलताना गांड्या बाभळींच्या, म्हणजे आपल्या वेड्या बाभळींच्या, कडेने जीप उभी करून गप्प बसायचं. या धंद्यात शोधणं फार थोडं असतं. टिटवी कुणावर ओरडतेय, होला एकाएकी का उडाला, चरणाऱ्या शेळ्या एकाच बाजूला माना करून का थांबल्या, एवढं ऐकायचं आणि पाहायचं. बाकी काम मांजर करतं, त्याची मर्जी असेल तर.

गिऱ्हाइकं मात्र एकेक नमुने. एका बाईंनी जीपमध्ये पिशवीतून वाटी आणि दुधाची बाटली काढली. ‘बोलवायला बरं,’ म्हणाल्या. एक गृहस्थ अंगभर अत्तर लावून आले, त्यांचा वास वाऱ्याने आमच्या अर्धा कोस पुढे चालत होता. एका अतिशय सालस जैन कुटुंबाने निघण्यापूर्वीच हात जोडून अट घातली, ‘बेन, शिकार करे तो गाडी वाळी लेजो हं.’ शिकार केली तर गाडी वळवायची, हे मी कबूल केलं. तीन दिवसांत एका वाळवंटी मांजराने आमच्यासमोर एकुलती एक शिकार केली ती नाकतोड्याची. मी त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी आपसात खालच्या आवाजात चर्चा केली आणि नाकतोड्याला गाडी वळवायची नाही असं ठरलं.

आता माझ्या एका नियमाबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर आहे. रोज संध्याकाळी जेवणाआधी आमची हजेरी व्हायची, प्राण्यांची. मी वही उघडून एकेक नाव वाचायचे, आणि सहाही जणांनी आळीपाळीने ‘पाहिलं’ म्हणायचं. एकानेही ‘मला तसं वाटत नाही’ म्हटलं तर ते नाव वहीच्या मागच्या पानावर, म्हणजे शंकेच्या पानावर जायचं. हा नियम मी पहिल्याच सहलीनंतर केला. त्या सहलीत एका उत्साही काकांना प्रत्येक झुडपात बिबट्या दिसत होता. शेवटच्या दिवशी त्यांनी दाखवलेला बिबट्या म्हणजे आमच्या ड्रायव्हरची घोंगडी निघाली, तेव्हा मी ठरवलं की यापुढे एकट्याचं चालायचं नाही.

लोक कुरकुरायचे. ‘बेन, लखी नाखो ने, कोण जोवानुं छे?’ कोण बघायला येणार आहे, लिहून टाका. मी लिहीत नसे. हळूहळू त्या वह्यांचं नाव झालं. वनखात्यातली माणसं येऊन वह्या चाळत. सुनंदाबेनच्या वहीत आहे म्हणजे आहे, असं लोक म्हणायला लागले. मला त्याचा किती अभिमान होता ते विचारू नका. आमचे हे म्हणत, ‘हिच्या वहीत नाव येत नाही तोवर मीसुद्धा या घरात राहतो याला पुरावा नाही.’

चिटणीसकाका माझ्याकडे आले ते पाचव्या की सहाव्या वर्षी. सरकारी बांधकाम खात्यात त्यांनी जन्मभर नकाशे काढले होते. उंच, सडपातळ, बोलणं कमी. सुभानपुऱ्यात आमच्यापासून तीन गल्ल्या सोडून घर. त्यांचे आजोबा संस्थानच्या शिकारखान्यात कारकून होते. तिथे शिकारीसाठी पाळलेले चित्ते असत आणि म्हणे हेणोतरेही असत. कोणत्या जनावराला रोज किती मांस द्यायचं ते लिहून ठेवणं, एवढंच आजोबांचं काम. पण नातवाला ते गोष्ट सांगत ती अशी, की हेणोतरोला कबुतरांच्या थव्यात सोडलं की तो एका उडीत दोन्ही पंजांनी पक्षी खाली पाडतो. मी एकदा काकांना चिडवलं, ‘आजोबांनी कचेरीच्या खिडकीतून तरी पाहिला होता का हो?’ त्यांनी प्रामाणिकपणे विचार केला आणि म्हणाले, ‘नसावा. म्हणून तर मला पाहायचा आहे. घरात कोणीतरी पाहायला हवा.’

सात हिवाळे ते आले. दरवेळी खिडकीकडची जागा, मांडीवर दुर्बीण आणि पिशवीत सुनेने दिलेले थेपले. रानमांजरं दिसली, वाळवंटी मांजर दिसलं, एकदा वाघाटीचं नुसतं बूड दिसलं. हेणोतरो नाही. परतताना ते म्हणायचे, ‘पुढच्या वर्षी.’ तक्रार कधी केली नाही. जन्मभर ठिपक्याठिपक्याने नकाशा पुरा करणाऱ्याचा धीर होता तो.

आणि आता माझी गोष्ट. त्याच सातव्या वर्षी बाहेरगावच्या काही नव्या मंडळींनी चकचकीत जाहिरात सुरू केली होती, कानाला झुपके असलेल्या हेणोतरोच्या मोठ्या चित्रासकट. माझ्याकडे नावं येईनाशी झाली. जे विचारायचे ते एकच विचारायचे, तुम्ही कितींदा दाखवला? मी खरं सांगायचे, एकदाही नाही. मी स्वतः कॉलेजच्या दिवसांत मुलांच्या बसमधून एकदा पाहिला होता, रस्ता ओलांडताना. पण दाखवला कोणाला नव्हता.

त्या सहलीत सहा माणसं आणि मी असे होतो. चिटणीसकाका. बडोद्याजवळच्या छाणीला लोखंडी जाळ्या आणि फाटकांचं वर्कशॉप असलेले हसमुखभाई. पुण्याचं एक डॉक्टर जोडपं. आणि फतेगंजच्या दोन बहिणी, दोघी बँकेतून निवृत्त. ड्रायव्हर नेहमीचा जुसबभाई, कच्छचाच, माझ्यापेक्षा जास्त जाणकार आणि माझ्याइतका बोलका मुळीच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ऊन नुकतं वर येत होतं. जुसबभाईने जीप थांबवली आणि हनुवटीने दाखवलं. ऐंशीएक पावलांवर पिवळ्या गवतात एक जनावर आमच्याकडे पाठ करून बसलं होतं. ऊन समोरून आमच्या डोळ्यांत येत होतं. त्या उजेडात त्याचं अंग तांबूस दिसत होतं आणि दोन्ही कानांच्या टोकांवरचे केस चमकत होते. हसमुखभाई माझ्या मागे पुटपुटले, ‘हेणोतरो.’ डॉक्टरीणबाईंनी नवऱ्याचा हात घट्ट धरला. मीही दुर्बीण डोळ्यांना लावली.

मग ते उठलं आणि शांतपणे बाभळींत शिरलं. जाताना शेपटी दिसली. शेपटीच्या टोकाशी दोन काळी कडी होती आणि टोक काळं होतं.

इथे धंद्यातली एक गोष्ट सांगते. रानमांजराच्याही कानांना बारीक झुपके असतात आणि उन्हात तेही तांबूस दिसतं. नवखी माणसं त्याला हेणोतरो समजतात, हे कायमचंच आहे. कान फसवतात, म्हणून शेपटी पाहायची. हेणोतरोच्या शेपटीला कडी नसतात. हे मी प्रत्येक सहलीत पहिल्या दिवशी शिकवायचे. त्या सहलीतही शिकवलं होतं.

जीपमध्ये सगळे माझ्या तोंडाकडे पाहू लागले. सहा चेहरे, त्यातले पाच आनंदाने फुललेले. मला तेव्हाच ‘रानमांजर’ म्हणायला हवं होतं. तोंडून निघालं ते ‘अभिनंदन.’ मग काय विचारता, दोघी बहिणींनी एकमेकींना मिठी मारली आणि हसमुखभाईंनी जुसबभाईचा हात धरून हलवला. चहासाठी उतरलो तेव्हा मी जुसबभाईकडे न पाहता विचारलं, ‘काय वाटतं?’ तो काच पुसत होता. म्हणाला, ‘तमे कहो ए साचुं, बेन.’ तुम्ही म्हणाल ते खरं. मला ते पुरेसं बोचायला हवं होतं.

संध्याकाळी हजेरी सुरू झाली. चिंकारा, सगळ्यांनी पाहिला. कोल्हा, पाहिला. मग मी वाचलं, ‘हेणोतरो.’ पाच ‘पाहिला’ आले, त्यातला हसमुखभाईंचा तर शेजारच्या वाडीत ऐकू गेला असेल. शेवटचे चिटणीसकाका. ते म्हणाले, ‘माझं नाही, ताई. शेपटीला कडी होती. ते रानमांजर होतं.’

सात वर्षं जो माणूस त्यासाठी येत होता तोच नाही म्हणत होता. नियमाप्रमाणे मी पान उलटून मागे लिहायला हवं होतं. मी काय केलं? मी त्यांची थट्टा केली. म्हटलं, ‘वा काका. सात वर्षं वाट पाहून नवरी दारात आली, तर आता तुम्ही पत्रिका मागताय?’ सगळे मोठ्याने हसले. मग मी आणखी वर म्हटलं, ‘चष्म्याचा नंबर तपासून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कडी कमी दिसतील.’ पुन्हा हशा. काकाही हसले, अगदी थोडेसे. म्हणाले, ‘बरं. लिहा मग.’

मी लिहिलं. तारीख, जागा, ‘हेणोतरो, एक, सर्वांनी पाहिला.’

मी जन्मभर लोकांना चिडवत आले. नवऱ्याला, विद्यार्थ्यांना, गिऱ्हाइकांना. माझ्या चिडवण्याने आजवर कोणाचं काही बिघडलं नाही, असं मी समजत होते. त्या संध्याकाळी मी थट्टेने एका माणसाचं तोंड बंद केलं, आणि मला ते करता येतं हे मला पक्कं माहीत होतं.

पुढचे हिवाळे भरभरून गेले. पुण्याच्या डॉक्टरांनी सगळीकडे सांगितलं, त्यांच्या ओळखीचे आले, ओळखीच्यांच्या ओळखीचे आले. हसमुखभाईंनी तर कमाल केली. छाणीच्या वर्कशॉपच्या लोखंडी फाटकावर त्यांनी पत्रा कापून हाताएवढ्या कानांचा हेणोतरो बसवला. येणारे-जाणारे त्याला ससा समजत, आणि हसमुखभाई प्रत्येकाला थांबवून सगळी कथा सांगत. मी त्या रस्त्याने जाणं टाळू लागले.

चिटणीसकाका पुढच्या वर्षी आले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षीही नाहीत. कोणी विचारलं तर मी सांगायचे, गुडघे धरलेत त्यांचे. मी काही त्यांना विचारायला गेले नव्हते. तीन गल्ल्या तर अंतर होतं, पण मी भाजीला दुसऱ्या बाजूच्या बाजारात जायला लागले.

मग काही वर्षांनी तन्वी आली. विद्यापीठातली पोर, कच्छच्या लहान मांजरांवर संशोधन करत होती. मराठीच घरची, पण बोलताना मराठीत गुजराती मिसळलेली. तिने माझ्या सगळ्या वह्यांच्या प्रती काढून नेल्या. म्हणाली, ‘मावशी, बाकी बधांच्या नोंदी मी बाजूला ठेवल्या. तुमच्याकडे सगळ्यांचं एकमत लागतं ना, एटले मी तुमच्यावरच भरोसा ठेवला.’ मी तिला आणखी एक पुरणपोळी वाढली. दुसरं काय करणार होते?

दोन हिवाळे ती वहीतल्या हेणोतरोच्या जागीच झाडाझुडपांना आपोआप फोटो काढणारे कॅमेरे बांधून बसली. तिसऱ्या हिवाळ्याच्या तोंडाशी एका दुपारी घरी आली, लॅपटॉप उघडला आणि फोटो दाखवले. रानमांजर, रानमांजर, रानमांजर आणि त्याची दोन पिल्लं. पोर रापली होती, हातांवर काट्यांचे ओरखडे होते. म्हणाली, ‘मावशी, माझंच काहीतरी चुकलंय. हेणोतरो नक्की कुठे बसला होता? मी बहुतेक पन्नास पावलं इकडेतिकडे झाले. यंदा पुन्हा तिथेच लावणार आहे, म्हणून विचारते.’

ती स्वतःला दोष देत होती, ते मला पाहवेना. मी म्हटलं, ‘तू चुकली नाहीस. तो बसलाच नव्हता. ते रानमांजर होतं आणि मला तेव्हाच माहीत होतं.’

 तिने लॅपटॉप मिटला. ‘दोन हिवाळे, मावशी,’ एवढंच म्हणाली. मी माफी मागितली. ती पाणी प्यायली आणि जाताना दारात तिने विचारलं, ‘बाकीच्यांना सांगितलं का? नोंद तर सगळ्यांच्या नावाने आहे ने?’

बरोबर होतं तिचं. नोंद सहा जणांच्या नावाने होती, मी एकटीने खोडून भागणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी फोन घेऊन बसले. इतक्या वर्षांनी लोकांना फोन करून सांगायचं, की तुम्ही जे पाहिलंत ते पाहिलं नव्हतंत. असलं काम जगात कोणाला करावं लागलं नसेल.

पुण्याचे डॉक्टर शांतपणे ऐकून म्हणाले, ‘आम्हाला तेव्हाच शंका आली होती.’ पुणेकरांना शंका आलेली नसेल असं होईल का? फतेगंजच्या बहिणींपैकी थोरली म्हणाली, ‘अगं, मला तर तो कोल्हा वाटला होता. सगळे पाहिला म्हणाले म्हणून मीही म्हटलं.’ धाकटी मागून ओरडली, ‘आणि मला काही दिसलंच नव्हतं, हिचं डोकं मध्ये होतं.’ म्हणजे माझ्या एकमताची ही लायकी. हसमुखभाईंकडे मी स्वतः गेले. फाटकाबाहेर उभं राहून सगळं सांगितलं. ते फाटकावरच्या हेणोतरोचे कान रुमालाने पुसत होते. म्हणाले, ‘बेन, में जोयो छे. तमे ना जोयो होय तो ए तमारी वात.’ मी पाहिलाय, तुम्ही पाहिला नसेल तर ती तुमची गोष्ट. मी पुन्हा समजावलं. तेव्हा म्हणाले, ‘फाटक तो हवे नहीं बदलाय. तमे चोपडी सुधारो.’ फाटक आता बदलायचं नाही, तुम्ही वही सुधारा. आणि मला थंडगार ताक पाजून परत पाठवलं.

राहिले चिटणीसकाका. तिकडे जायला मला आणखी चार दिवस लागले.

दार त्यांच्या सुनेने, वैशालीने उघडलं. काका आरामखुर्चीत बसले होते, चेहरा जरा तिरका करून. डोळ्यांचा पडदा झिजल्यामुळे त्यांना समोरचं दिसत नव्हतं, कडेकडेचं अंधुक दिसे. आवाजावरून ओळखून म्हणाले, ‘ताई? या.’

मी बसलेसुद्धा नाही. म्हटलं, ‘काका, ते रानमांजर होतं.’

‘हो,’ ते म्हणाले.

‘मी शेपटी पाहिली होती.’

‘माहीत आहे. मी त्या जनावराकडे पाहिलं आणि मग तुमच्याकडे. तुमची दुर्बीण केव्हाच खाली आली होती. खरा असता तर तुमच्या डोळ्यांवरून ती काढायला दोन माणसं लागली असती.’

‘मग लिहा का म्हणालात?’

‘सगळे हसत होते, ताई.’

ते हे अगदी साधेपणाने म्हणाले. मी खाली बसले. वैशाली पाणी ठेवून आत गेली. थोड्या वेळाने मी विचारलं, ‘नंतर आला नाहीत, ते गुडघ्यांमुळे ना?’

‘गुडघ्यांना काय झालंय? अजून रोज बागेत फेरी असते, वैशालीचा हात धरून. मी आलो नाही, कारण पुढे कधी खरा दिसला असता तरी मनात आलं असतं, की यंदा ताईंना तो हवा असेल. सात वर्षं थांबल्यावर असं नको होतं मला.’

मला रडू आलं. एवढ्या वर्षांत मी समजत होते की माझ्या हातून वहीतली एक ओळ चुकली. खरं तर मी या माणसाचा हेणोतरो घालवला होता, आणि तो खोडून दुरुस्त करता येणार नव्हता. 

निघताना मी म्हटलं, ‘काका, या जानेवारीत माझी शेवटची सहल आहे. येता?’

ते म्हणाले, ‘आता समोर येऊन बसला तरी मला दिसायचा नाही. तुम्ही सांगाल तोच प्राणी.’

मी चपला घालू लागले.

‘पण आज तुम्ही सांगायला आलात,’ ते म्हणाले. ‘तेव्हा आता तुमच्या सांगण्यावर यायला हरकत नाही.’

जानेवारीत आम्ही चौघंच गेलो. काका, वैशाली, जुसबभाई आणि मी. दोन दिवस काही नाही. काका खिडकीशी बसून वारा कुठून येतोय, टिटवी कुठे ओरडतेय ते मला सांगत होते. त्यांचे कान माझ्यापेक्षा तयार झाले होते. तिसऱ्या दिवशी सकाळी जुसबभाईने जीप थांबवली. वीस-पंचवीस पावलांवर, अगदी उघड्यावर, एक जनावर बसलं होतं. तांबूस अंग, टोकदार कान. काकांनी जीप थांबल्यावरच ओळखलं. त्यांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि विचारलं, ‘आहे?’

‘आहे,’ मी म्हटलं.

जुसबभाई आरशातून माझ्याकडे पाहत होता. वैशालीने सासऱ्यांच्या पाठीमागून मला खुणावलं. डोळ्यांत पाणी आणि ओठ नुसते हलत होते, सांगा ना, सांगा ना त्यांना. तिला मांजरातलं काही कळत नव्हतं, पण काय म्हटल्याने म्हाताऱ्याचं सोनं होईल ते कळत होतं. एक शब्द पुरे होता. जीपमध्ये कोणीच नाही म्हणणार नव्हतं, आणि या वेळी तो मी माझ्यासाठी म्हणणार नव्हते. काकांनी माझं मनगट घट्ट धरलं होतं. द्यावं असं फार वाटलं, खोटं कशाला सांगू?

‘रानमांजर आहे, काका,’ मी म्हटलं.

वैशालीने तोंड फिरवलं.  काकांचा हात सैल झाला, पण त्यांनी तो उचलला नाही.

‘बरं,’ ते म्हणाले. ‘कसं बसलंय?’

मी सांगायला लागले. पुढचे पाय जुळवून बसलंय. ऊन डाव्या बाजूने पडलंय. छातीवर फिकट आहे, पायांवर पुसट पट्टे आहेत. आता पंजा चाटतंय. आता थांबलं, कान आपल्याकडे केले. आता मिश्यांवरचं दव झटकलं. किती वेळ ते बसलं होतं मला ठाऊक नाही. ते उठून जाईपर्यंत मी सांगत होते, आणि चिटणीसकाका पाहत होते.